ओबरलॉयटनंट वुमकर कोण होता?

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. वर ख्वाजा शेख फरीदबाबांचा दर्गा. टेकडीवर हिंडताना पायाखाली गोल, लांबट दगड येतात. कोणी म्हणतं हे जायफळ, कोणी म्हणतं ही सुपारी, मोठा दगड असला की नारळ. गोष्ट अशी की वाटेने माल घेऊन चाललेल्या व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली आणि त्यांचा सगळा माल जागच्या जागी दगड झाला. इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्येसुद्धा ही कथा नोंदलेली आहे. भूशास्त्राचा माणूस दगड हातात घेऊन वेगळंच सांगतो. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट जातीची खनिजं भरली, भोवतालचा खडक झिजून गेला आणि आतल्या गाठी मोकळ्या झाल्या. सुपारीचा आकार खरा आहे, सुपारी मात्र तिथे कधीच नव्हती.

जुन्या फोटोतल्या गणवेशधारी माणसाचं असंच होतं. आकार दिसतो, आपण नाव देतो, मग त्या नावाला शोभेल अशी गोष्ट मागून येऊन चिकटते.

"आमचे आजोबा पायलट होते." हे वाक्य विदर्भात ऐकू आलं की मी आधी विचारतो, फोटो आहे का? बहुधा असतो. पेटीत, कागदपत्रांच्या पिशवीत, नाहीतर देवघराच्या फळीवर. दर्शनी भिंतीवर क्वचित. वर्धा जिल्ह्यात हे मला साहजिक वाटतं. १७ ऑक्टोबर १९४० रोजी याच जिल्ह्यातल्या पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, तोच मुळी युद्धात मदत न करण्याच्या घोषणेने. गांधींचं सेवाग्राम हाकेच्या अंतरावर. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'च्या आंदोलनात इकडे आष्टी पेटली, आणि गिरडहून फार लांब नसलेलं चिमूरही. अशा मुलखात ज्या घरचा पोरगा इंग्रजांच्या हवाई दलात भरती झाला, त्या घराने त्याचा फोटो बैठकीत लावला असता तर गावाने दोन प्रश्न जास्तच विचारले असते. म्हणून फोटो पेटीत गेला. मागे नाव लिहायचं राहिलं, कारण तेव्हा तो कोण आहे हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. आता ते सांगणारं कोणी उरलेलं नाही.

भरती झालेले काही थोडेथोडके नव्हते. भारतीय हवाई दल स्थापन झालं ८ ऑक्टोबर १९३२ ला. पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर उभी राहिली ती चार वापिटी विमानं आणि मूठभर माणसं घेऊन. जमिनीवर विमानाची देखभाल करणाऱ्या हिंदी माणसांना तेव्हा 'हवाई शिपाई' म्हणत. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत या दलात सुमारे २८,५०० माणसं होती आणि त्यातले अधिकारी सोळाशेच्या घरात. वैमानिक त्याहून कमी. हिशेब सरळ आहे: पेटीतून निघालेला आजोबांचा फोटो वैमानिकाचा असण्यापेक्षा फिटरचा, वायरलेसवाल्याचा, दारूगोळा चढवणाऱ्याचा असण्याची शक्यता कितीतरी जास्त. घरच्यांना हे सांगितलं की चेहरे पडतात. का पडावेत, मला कळत नाही. बर्माच्या आघाडीवर चिखलात उभं राहून रातोरात इंजिन उघडून बसवणाऱ्याशिवाय एकही वैमानिक वर गेला नाही.

तर फोटो हातात आल्यावर चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघायचं. चेहरा आपल्याला हवं तेच सांगतो.

आधी भिंग घेऊन डाव्या खिशाच्या वरची जागा बघावी. तिथे दोन पंख पसरलेले असतील तर वैमानिक. एकच पंख आणि त्याच्या मुळाशी वर्तुळात अक्षर असेल तर विमानात बसणारा, पण दुसऱ्या कामाचा: निरीक्षक, दिशादर्शक नाहीतर तोफची. पंख उजव्या खिशावर दिसले तर हुरळून जाऊ नये. फोटो उलटा छापला गेलाय, काच पालथी ठेवून छाप काढली की असं होतं. कोटाची बटणं कोणत्या बाजूला आहेत ते पाहिलं की खात्री पटते. मग बाही. बाहीवर दोन पात्यांचा छोटा पंखा शिवलेला असेल तर तो लीडिंग एअरक्राफ्टमन, म्हणजे हाताखालचा पण कसबी माणूस. आणि खांद्याजवळ बाहीवर पंख पसरलेला पक्षी असेल तर तिथेच बहुतेकांची फसगत होते. ब्रिटिश वळणाच्या हवाई दलात तो पक्षी अधिकाऱ्यांच्या बाहीवर नसे, साध्या जवानांच्या असे. घरचे मात्र पक्षी बघतात आणि म्हणतात, बघा, पायलट!

वर्णावरून तर काहीच ठरवू नये. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या बहुतेक काचा आणि फिल्म्स लाल रंगाला आंधळ्या होत्या. लाल जवळपास काळा उमटे आणि निळा फिकट पडे. विमानावरच्या लाल-पांढऱ्या-निळ्या वर्तुळाचं मधलं लाल टिंब त्या फोटोंत डांबरासारखं दिसतं आणि बाहेरचा निळा पट्टा धुतल्यासारखा. तीच गत कातडीची. उन्हात रापलेला इंग्रज त्या फोटोत आपल्याकडचा वाटू शकतो. तेव्हा जुन्या फ्रेंच हवाई तळावरच्या घोळक्यात एक सावळा चेहरा दिसला म्हणून 'हा हिंदी असावा' असं म्हणणं म्हणजे गिरडच्या दगडाला सुपारी म्हणण्यातलाच प्रकार.

त्या घोळक्यांमध्ये हिंदी चेहरे मात्र खरोखरच होते. १९१७ साली रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये चार हिंदी तरुण वैमानिक म्हणून दाखल झाले. हरदित सिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरोल चंदर सेन आणि चौथे मुंबईचे श्रीकृष्ण चंदा वेलिणकर. चौघेही इंग्लंडमधून या दलात शिरले. दार सहज उघडलं नव्हतं. मलिक यांना आधी नकार मिळाला. मग ते फ्रेंच हवाई दलाकडे वळले, तेव्हा ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या शिक्षकाने जनरल हेंडरसन यांना पत्र लिहिलं. आपला प्रजाजन फ्रेंचांसाठी लढायला तयार आहे आणि आपण त्याला घेत नाही, ही लाज त्या पत्रातून पोचली असावी. एप्रिल १९१७ मध्ये मलिक यांना घेतलं.

ओळख पटवणाऱ्यांसाठी मलिक म्हणजे सोनं. पगडीवर बसेल असं मोठं शिरस्त्राण त्यांनी खास बनवून घेतलं होतं. फोटो कितीही पुसट असो, मलिक चुकत नाहीत. इंद्रलाल रॉय यांची कथा अशी की एका अपघातानंतर त्यांना मेलेलं समजून शवागारात ठेवलं होतं, शुद्धीवर येऊन त्यांनी आतून दार बडवलं. पुढे जुलै १९१८ मध्ये तेरा दिवसांत दहा विमानं पाडून ते गेले. फ्रान्समधल्या त्यांच्या कबरीवर बंगाली मजकूर आहे. सेन जर्मनांच्या हाती कैदी म्हणून सापडले. तिघांचाही माग लागतो. वेलिणकर तेवढे हरवले.

वेलिणकर रॉयल एअर फोर्सच्या २३ व्या स्क्वाड्रनमध्ये होते. (रॉयल फ्लाइंग कोअर १ एप्रिल १९१८ ला नौदलाच्या विमान शाखेत मिसळून रॉयल एअर फोर्स झालं. अंगावरचा कोट मात्र अनेकांनी जुनाच ठेवला, त्यामुळे कोटावरून साल काढायला जाऊ नये.) त्यांच्या हाताखालचं विमान होतं सॉपविथ डॉल्फिन. या विमानाची ठेवण थोडी बारकाईने सांगतो, कारण एखाद्या फोटोत ते दिसलं तर सांगता यायला हवं. दुपंखी विमानात वरचा पंख सहसा वैमानिकाच्या डोक्यावर छपरासारखा असतो. डॉल्फिनमध्ये वरच्या पंखाच्या मधोमध मोकळी चौकट ठेवलेली होती आणि वैमानिकाचं डोकं त्या चौकटीतून वर निघे. त्यामुळे वर, मागे, चहूकडे दिसायचं झकास. उतरताना विमान उलटलं तर आधी जमिनीला लागायचं ते वैमानिकाचं डोकं. ही भीती एवढी होती की काहींनी पंखावर लोखंडी कमानी बसवून घेतल्या. तर ज्या फोटोत वरचा पंख वैमानिकाच्या डोळ्यांच्या पातळीवर दिसतो आणि डोकं त्याच्या मधून बाहेर आलेलं असतं, ते डॉल्फिन. त्या स्क्वाड्रनची नोंदवही शोधली की नाव सापडण्याची आशा असते.

२७ जून १९१८ रोजी वेलिणकर गस्तीवर गेले ते परतले नाहीत. वय तेवीस. स्क्वाड्रनच्या दप्तरी ते 'बेपत्ता'. बेपत्ता हा युद्धातला फार सोयीचा शेरा आहे, दप्तराच्या दृष्टीने प्रकरण तिथे मिटतं. घराच्या दृष्टीने तिथून सुरू होतं.

युद्ध संपलं, करार झाले, फ्रान्सच्या शेतांमध्ये विखुरलेल्या थडग्यांची मोजदाद सुरू झाली. रुव्रॉय इथे जर्मनांनी राखलेल्या दफनभूमीत एका लाकडी फळीवर नाव होतं: ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकर. या नावाचा जर्मन अधिकारी कोणाच्या यादीत नव्हता. पण विचारायला कोण जाणार? हुद्दा जर्मन, नाव ऐकायला जर्मनसारखं, जागा जर्मन. इंग्रज शोधपथक तिथून सरळ पुढे निघून गेलं तर त्यात नवल नाही.

वेलिणकरांचा शोध कर्नल बार्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने चालू ठेवला होता. त्या तरुणाबद्दल त्यांना आस्था होती. १९२१ साली गाठ सुटली. वुमकर म्हणजेच वेलिणकर. जखमी अवस्थेत जर्मनांच्या हाती पडून तीन दिवसांनी, ३० जून १९१८ ला त्यांचा मृत्यू झाला होता, आणि शत्रूने त्यांना अधिकाऱ्याच्या मानाने पुरलं होतं. मान देण्याच्या भरात हुद्द्याचंही भाषांतर केलं. लेफ्टनंटचा ओबरलॉयटनंट झाला आणि माणूस आणखी खोल गाडला गेला.

हे नाव असं कसं बिघडलं असेल, ते कागदावर लिहून पाहण्यासारखं आहे. रोमन लिपीच्या अक्षरं जोडून लिहिण्याच्या वळणात वेलिणकर झरझर लिहा. डब्ल्यूनंतर ई, एल, आय, एन. घाईत एलची उंची गेली, आयचं टिंब सुटलं की उरतात नुसते उभे फराटे, आणि ते फराटे यू आणि एम म्हणून वाचता येतात. जर्मन कारकुनाच्या डोळ्यांना ते तसेच दिसले असणार. आद्याक्षरं एस आणि सी मात्र शाबूत राहिली. आणि शाबूत राहिलं शेवटचं 'कर'. माझ्या मते तीच खरी खूण होती. जर्मनीत कोणी 'कर' लावून आडनाव सांगत नाही. कोकणात, गोव्यात आणि आपल्या सगळ्या मुलखात सांगतात. फळीसमोर एखादा मराठी माणूस उभा असता तर त्याला एवढी वर्षं लागली नसती.

अर्थात तिथे मराठी माणूस नव्हता. एक इंग्रज होता, आणि त्याने तारीख, आद्याक्षरं आणि विमान पडल्याची जागा यांचा मेळ घातला. आज वेलिणकरांची कबर सोम भागातल्या आंगार गावच्या युद्ध दफनभूमीत आहे, योग्य नावाने. ओळख पटली नसती तर त्यांचं नाव आरासच्या स्मारकावर गेलं असतं. तिथे पश्चिम आघाडीवर पडलेल्या आणि ज्यांचं थडगं सापडलं नाही अशा हजाराच्या आसपास विमानवीरांची नावं कोरलेली आहेत.

दुसरी गोष्ट उलट्या प्रकारची आहे. इथे वैमानिकांनीच आपली ओळख पुसायचा प्रयत्न केला. भारत-पाकिस्तान युद्धात १० डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचं सुखोई-७ लाहोरच्या बाजूला पडलं आणि ते कैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीत भिंत कोरून ते, एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी ऑगस्ट १९७२ मध्ये निसटले. अफगाण सरहद्दीकडे निघालेल्या या तिघांनी नावं घेतली होती फिलिप पीटर्स, अली अमीर आणि हॅरोल्ड जेकब. आपण पाकिस्तानी हवाई दलाची माणसं, सुटीवर फिरायला आलोय, असं सोंग. लंडी कोतलपर्यंत सोंग चाललं. तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनची वाट विचारली. नकाशावर ते स्टेशन होतं. जमिनीवर मात्र ते १९३२ सालीच बंद पडलेलं, आणि ही गोष्ट तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. झालं, धरले गेले.

यातला पुढचा भाग मला फार आवडतो. तहसीलदारासमोर परिस्थिती चिघळत होती. सरहद्दीवर हेर म्हणून पकडलेल्याचं काय होतं ते सांगायला नको. परुळकरांनी सुचवलं की पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी उस्मान हमीद यांना फोन लावा. उस्मान हमीद आधी त्यांच्याच छावणीचे प्रमुख होते. फोन लागला. हमीद यांना पलीकडून बोलणारा कोण आहे हे क्षणात कळलं आणि त्यांनी सांगितलं, ही आमची माणसं आहेत, ताब्यात ठेवा पण हात लावू नका. फोटो नाही, कागद नाही, बिल्ला नाही. एका शत्रूने आवाजावरून ओळखलं आणि तीन जीव वाचले. १९७२ च्या डिसेंबरात ते वाघ्यावरून घरी आले. परुळकर २०२५ साली गेले.

तिसरी गोष्ट फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांची. तीही त्याच युद्धातली, तेही सुखोई-७ चालवणारे, ३२ व्या स्क्वाड्रनचे. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात शोरकोटच्या हवाई तळावरच्या हल्ल्यात विमानविरोधी तोफांनी त्यांचं विमान पाडलं. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं.

त्याच दिवसांत ढाक्याहून निघणाऱ्या 'पाकिस्तान ऑब्झर्व्हर'मध्ये बातमी आली की पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडले. त्यात एक नाव होतं 'फ्लाइट लेफ्टनंट टोम्बे'. आपल्या आकाराचा त्यांनी ओकार केला होता, एवढंच. वुमकरपेक्षा कितीतरी सोपं कोडं. भारतीय हवाई दलात त्या दिवसांत बेपत्ता असलेला, या नावाच्या जवळ जाणारा दुसरा कोणी नव्हता. शत्रूच्या बातमीदाराला हे नाव कुठून कळलं असेल? एक तर वैमानिकाच्या ओळखपत्रावरून, नाहीतर त्याच्या तोंडून. पहिली शक्यता धरली तर माणूस जिवंत असल्याचं सिद्ध होत नाही. दुसरी धरली तर होतं. बातमीत शब्द होते 'जिवंत पकडले'.

वृत्तपत्राच्या त्या ओळीला पुढे दुसऱ्या कागदाचा आधार मिळाला नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार पकडलेल्या प्रत्येक सैनिकाचं नाव रेडक्रॉसमार्फत त्याच्या देशाला कळवावं लागतं. तांबे यांचं नाव कैद्यांच्या यादीत आलं नाही, परत आलेल्यांत ते नव्हते.

इथे फोटोचाही एक प्रसंग आहे. 'टाइम' साप्ताहिकाच्या २७ डिसेंबर १९७१ च्या अंकात गजांआडच्या एका भारतीय कैद्याचा फोटो छापला होता, नाव न देता. पायदळातल्या मेजर ए. के. घोष यांच्या घरच्यांनी तो बघितला आणि सांगितलं, हे आमचेच. घोष परत आले नाहीत. पाकिस्तानने कधी कबूल केलं नाही. मी आधी लिहिलं की चेहऱ्याकडे शेवटी बघायचं. पण त्या फोटोत गणवेशावरची खूण नव्हती, स्क्वाड्रन नव्हतं, विमान नव्हतं. चेहराच होता. रोज समोर बसून जेवलेल्या माणसाचा चेहरा आई-बापाला ओळखू येतो, हे कोणी नाकारू नये. सरकारी दप्तराला मात्र ते पुराव्यात धरता येत नाही, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं एकाच वेळी खरं असतं. घोष यांचा फोटो आणि तांबे यांचं नाव एकत्र ठेवून पाहिलं की माझ्या मनात येतं, एका घराला नावाशिवाय चेहरा मिळाला, दुसऱ्याला चेहऱ्याशिवाय नाव.

१९७९ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी लोकसभेत चाळीस बेपत्ता सैनिकांची यादी ठेवली. पाकिस्तानच्या तुरुंगात असावेत अशी ती नावं, त्यात तांबे होते. पुढे यादी चोपन्नवर गेली. १९८३ मध्ये काही नातेवाईक मुलतानच्या तुरुंगापर्यंत जाऊन आले. जून २००७ मध्ये चौदा नातेवाईक पाकिस्तानच्या निरनिराळ्या तुरुंगांत फिरले, दमयंती तांबे त्यांच्यात होत्या. कोणी सापडलं नाही.

बार्टनसारखा एखादा माणूस पलीकडच्या बाजूला असता तर? त्याने शोरकोटच्या तळावरची त्या दिवसाची नोंद, इस्पितळाचं रजिस्टर आणि 'ऑब्झर्व्हर'च्या बातमीदाराची वही समोरासमोर ठेवली असती. वुमकरच्या बाबतीत हेच झालं होतं, आणि तेही युद्ध संपून तीन वर्षांच्या आत, विजेत्याचे अधिकारी पराभूताच्या दप्तरात मोकळेपणी हिंडू शकत होते म्हणून. १९७१ नंतर तसं हिंडायला कोणाला मिळालं नाही. संसदेत आजही अधूनमधून प्रश्न येतो, आणि उत्तर ठरलेलं असतं: हे सैनिक आपल्या ताब्यात आहेत असं पाकिस्तान मान्य करत नाही, सरकार पाठपुरावा करत आहे.